बोटांची शाळा

दीड-दोन वर्षांच्या बालकासाठी स्पर्शज्ञानाची रंगीत फळी विकत आणण्याची रीत मध्यमवर्गीय घरांत रूढ होऊ लागली आहे. नरपडसारख्या गावी तरी त्यासाठी बाजार गाठण्याचे कारण नाही. काथ्याचा सुंभ, खणाचा तुकडा, किनाऱ्यावरचा तळहाताएवढा जाड शिंपला, दाराची जुनी कडी. या वस्तू गुळगुळीत तासलेल्या फळीवर पक्क्या बसविल्या की झाले. खरखरीत आणि मऊ मात्र शेजारी असावेत. भेद कळतो तो तुलनेने.

या परिसराला हा विचार नवा नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले; १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मॉन्टेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. ताराबाईंनी तत्त्व स्वीकारले, साधने मात्र बिया, पाने, खडे, शंख-शिंपले यांतून घडविली आणि शाळाच आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेली. ही केवळ गरिबीतली तडजोड होती असे मानणे चुकीचे ठरेल. मुलाच्या रोजच्या ओळखीचे जग त्याच्या हाती देणे, ही त्यामागची दृष्टी होती.

तीन वर्षांखालील मूल मिळेल ते तोंडात घालते. म्हणून बिया, मणी, लोहचुंबक, बटणाएवढे सेल या फळीवर नकोतच. शिंपल्याच्या धारा घासाव्यात, प्रत्येक वस्तू रोज ओढून पाहावी आणि मूल खेळत असता घरातील कोणीतरी जवळ बसावे. विकतची फळी आणली तरी हे बसणे चुकत नाही. टाळले जाते ते नेमके तेच.