राग असू द्या, द्वेष नको

अंजनगाव सुर्जीच्या वस्त्यांमध्ये आम्ही बीपी तपासायला बसलो की आकड्यांसोबत दुखणीही निघतात. निंदणाला गेलेल्या बाईला पाणी अजून वरून ओततात. दवाखान्यात नोकरीला असताना, शेजारणीचे आडनाव ऐकून खाट बदलून मागणारेही आम्ही पाहिले. शिवी नाही, मारहाण नाही. तरी तो द्वेषच. आपल्याच विदर्भात, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांचा जीव घेतला, ते याच द्वेषाचे उघडे रूप.

भगवान बुद्धांनी लोभ, द्वेष, मोह ही अकुशलाची मुळे सांगितली. ती प्रत्येक माणसात असतात, आपल्यातही. बाहेर अपमान गिळलेला माणूस घरी बायकोवर हात उगारतो, दारू जवळ करतो. कोणी आडनाव लपवून स्वतःलाच कमी लेखतो. हाही द्वेषच, आत वळलेला.

मग राग सोडायचा का? नाही. राग अन्यायावर असतो, द्वेष माणसावर. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर आपल्या लोकांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही. पण लढा सोडला नाही. १९३७ मध्ये हायकोर्टात तो जिंकला.

झोप लागत नसेल, छाती धडधडत असेल, सारखी चिडचिड होत असेल, तर बीपी तपासा. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोला. अपमान झाला तर साक्षीदार घेऊन अॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार द्या. गिळू नका, अन् लेकरांवर काढूही नका.

जयभीम!