गहू त्यांचा, पुस्तके आमची

बेळगावात अमेरिकेचा विषय निघाला की दोनच प्रकारची माणसे तावातावाने बोलू लागतात. एक, ज्यांचा मुलगा तिकडे आहे. दुसरी, ज्यांच्या मुलाला व्हिसा मिळाला नाही. अमेरिकेकडे समाज म्हणून पाहणारा तिसरा माणूस मला सीमाभागात क्वचितच भेटला. मी तर इंग्रजीचा प्राध्यापक. आयुष्यभर 'अमेरिकन लिटरेचर'चा पेपर शिकवला. तेव्हा दोषाचा पहिला वाटा माझ्याच पदरात.

मी हेमिंग्वेचा म्हातारा कोळी आणि आर्थर मिलरचा फिरता विक्रेता शिकवीत असे. शेजारच्या वर्गात इतिहासाचे सर १७७६ आणि १८६१ ही साले घोकून घेत. पलीकडे राज्यशास्त्रात राष्ट्राध्यक्षाचे अधिकार चालत. तीन वर्ग, तीन गाइडे आणि मध्ये भिंती. व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या मळ्यावर राबलेला गुलाम आणि निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुळीत राबणारी बाई यांना एका वेळी डोळ्यांसमोर आणावे, हे ना त्यांना सुचले, ना मला.

खानापूर तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने एकदा विचारले, "सर, तिकडं घरात वेगळी भाषा बोलणाऱ्या पोरांचं शाळेत काय होतं?" मी म्हणालो, "ते सिलॅबसमध्ये नाही. बस खाली." तो बसला.

हा विषय मराठीला नवा आहे, असे कुणी म्हणू नये. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर मराठीत अख्खे पुस्तक लिहिले. डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ साली तिथल्या परिसंवादात जातीवर निबंध वाचला. आणि १९२५ साली तेच बाबासाहेब आमच्या निपाणीत बहिष्कृतांच्या परिषदेत उभे होते. न्यूयॉर्क ते निपाणी ही वाट त्यांनी नऊ वर्षांत चालून दाखवली. आमच्या विद्यापीठांना ती अजून सापडत नाही.

उलट अमेरिकेने काय केले पाहा. पीएल-४८० चा गहू आपण रेशनच्या रांगेत उभे राहून खाल्ला. त्या गव्हाचे जे रुपये इथे साठले, त्यांतून १९६२ पासून मराठीसह भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांत पोचवली गेली. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर डॉक्टरेट केली. गेल ऑम्व्हेट यांनी सत्यशोधकांच्या चळवळीवर केली आणि पुढे सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या सूनबाई झाल्या. त्यांनी आमचा समाज वाचला. आम्ही त्यांचा गहू पचवून मोकळे झालो!

मित्रहो, त्या पोराच्या प्रश्नाला उत्तर होते. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी बोलणारी मुले इंग्रजी न समजता वर्गात बसवली जात होती. पालक कोर्टात गेले. १९७४ साली 'लाऊ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की सर्वांना तीच पुस्तके, तेच शिक्षक देणे ही समानता नव्हे. ज्याला भाषाच कळत नाही, त्याच्यापुरते शिक्षणाचे दार बंदच असते. आपल्या घटनेतले ३५०-अ हे कलम १९५६ चे, म्हणजे त्याच्याही आधीचे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असे ते राज्यांना सांगते. हे दोन्ही कागद शेजारी ठेवून शिकवले असते, तर आमच्या पोरांच्या हाती घोषणांबरोबर युक्तिवादही आला असता.

अमेरिका म्हणजे न्यायाचे माहेरघर, असे मी म्हणत नाही. १९९८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच द्विभाषिक शिक्षणावर बंधने घातली आणि २०१६ साली त्यांनीच ती बहुतांशी उठवली. समाज असाच पुढे-मागे होतो. तेच तर शिकायचे! आणि शिकलो तर एक अडचणही पत्करावी लागेल. जे माप आपण खानापुरातल्या मराठी मुलासाठी मागतो, तेच जतच्या नि अक्कलकोटच्या कन्नड मुलाला लावावे लागेल. ज्याला हे कबूल नाही, त्याने अल्पसंख्याकांच्या हक्कांवर भाषणे देऊ नयेत.

"आधी सीमाप्रश्न सुटू द्या, मग अमेरिका," असे काहीजण म्हणतील. १९५६ पासून आपण वाट पाहतो आहोत; तोवर पोरांनी अडाणी राहायचे काय?

म्हणून माझी मागणी साधी आहे. धारवाड, कोल्हापूर आणि बेळगाव या तिन्ही विद्यापीठांनी इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि साहित्य यांच्या भिंती पाडून अमेरिकन समाजाचा एक पेपर लावावा. तो मराठीत आणि कन्नडमध्येही शिकवावा. सुरुवात फुल्यांच्या अर्पणपत्रिकेपासून करावी.

खाली बसवलेला तो पोरगा आज एका मराठी शाळेत मास्तर आहे. हा अंक त्याच्या हाती पडला, तर त्याने उभे राहून वाचावा. उत्तर द्यायला उशीर झाला, हे मला मान्य आहे.