चेंडू माझ्याकडे का येत नाही?



अलीकडे तुमच्या पत्रांतून एक तक्रार सारखी डोकावते आहे. आठवीतली एक मैत्रीण लिहिते, "आमच्या मैत्रिणींचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप होता. तो एकाएकी थंड पडला. दोन दिवसांनी कळलं, की बाकीच्या सगळ्याजणींनी दुसरा ग्रुप काढलाय आणि त्यात मी नाही. शाळेत सगळ्या नेहमीसारख्याच बोलतात. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, एवढ्याशा गोष्टीचं काय मनावर घेतेस! पण मला जेवण जात नाही. मी फारच हळवी आहे का हो?"

नाही गं, तू हळवी नाहीस. आणि हे काही मी तुझी समजूत घालायला म्हणत नाही. यावर चांगले प्रयोग झालेले आहेत. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

किप्लिंग विल्यम्स नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. एकदा ते आपल्या कुत्र्याला घेऊन बागेत बसले होते. जवळच दोन अनोळखी माणसं फ्रिसबी, म्हणजे ती प्लॅस्टिकची उडती तबकडी, खेळत होती. तबकडी येऊन पडली ती नेमकी यांच्यापाशी. यांनी ती परत फेकली, तर त्या दोघांनी पुन्हा यांच्याकडे फेकली. झालं, तिघांचा खेळ सुरू! पण थोड्या वेळानं त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं बंद केलं आणि आपसातच खेळू लागले. ना ओळख, ना पाळख, तरी विल्यम्स यांना फार अपमान वाटला. आणि शास्त्रज्ञच तो, त्यामुळे विचार करू लागला, की असं का व्हावं?

त्यातून पुढे संगणकावरचा एक साधा खेळ तयार झाला, 'सायबरबॉल'. पडद्यावर तिघं जण एकमेकांकडे चेंडू टाकतात. त्यांतले एक तुम्ही. सुरुवातीला चेंडू तुमच्याकडे येतो, मग येईनासा होतो. बाकीचे दोघंच खेळत राहतात. बस्स, एवढंच. पण एवढ्यानंसुद्धा लोक खट्टू होतात. 2003 साली अमेरिकेत नेओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. चेंडू येईनासा झाला, तेव्हा मेंदूतला एक असा भाग जागा झाला, की ज्याचा संबंध शरीराच्या दुखण्याशी आधीच सापडला होता. पुढच्याच वर्षी आणखी एक गंमत दिसली. "तुमच्याबरोबर माणसं नाहीत, नुसता संगणक खेळतोय," असं आधी सांगूनसुद्धा लोकांना वाईट वाटलंच!

आणि आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाच खेळ 11 ते 15 वर्षांच्या मुलींना आणि मोठ्या बायकांना दिला होता. चेंडू येईनासा झाल्यावर मुलींचं मन मोठ्यांपेक्षा जास्त उतरलं. म्हणजे आई म्हणते ते तिच्या वयाला खरं असेल, पण तुला लागलं तेही तितकंच खरं आहे. तुमच्या वयात मैत्री म्हणजे निम्मं जग असतं.

आता तुम्ही म्हणाल, मग हे पूर्वीही होतंच की. होतंच. मधल्या सुट्टीत डब्याच्या गोलातून कुणाला तरी वगळणं, अबोला, 'कट्टी', हे तुमच्या आजीच्या वेळीही होतं. पण शाळा सुटली, की ते तिथंच राहायचं. घरी आल्यावर गल्लीतली वेगळी मुलं भेटायची, लगोरी मांडली जायची, आणि सकाळपर्यंत राग निम्मा विरघळायचा. कुणाच्या वाढदिवसाला आपल्याला बोलावलं नाही, हे सोमवारी कळायचं, किंवा कळायचंही नाही. आता त्याच संध्याकाळी, केक कापला जात असतानाच, सगळ्यांचे हसरे फोटो आपल्या हातात येतात. फोन उशाशी, म्हणून कट्टीसुद्धा उशाशी.

शिवाय फोननं काही नवी दुखणी आणली आहेत. व्हॉट्सअ‍ॅपनं नोव्हेंबर 2014 मध्ये निळ्या खुणा आणल्या. निरोप वाचला, की दोन खुणा निळ्या होतात. तेव्हापासून "वाचलं, पण उत्तर दिलं नाही" हा भांडणाचा नवाच विषय झाला. अरे, ती बिचारी जेवत असेल, क्लासला गेली असेल, नाहीतर फोन आईनं मागून घेतला असेल! स्नॅपचॅटवर 'स्ट्रीक' असते. दोघांनी रोज एकमेकांना काहीतरी पाठवायचं, 24 तासांत नाही पाठवलं तर आकडा पुन्हा शून्यावर. मग परीक्षेच्या आदल्या रात्रीही मुलं छताचा नाहीतर भिंतीचा फोटो पाठवत बसतात. मैत्रीसाठी नाही हो, आकड्यासाठी! असे आकडे आपण पुन्हा पुन्हा तिथं यावं म्हणून ठेवलेले असतात, आणि आपण तिथं जितके रेंगाळू तितक्या त्या कंपनीला जाहिराती दाखवता येतात, हे ध्यानात ठेवा.

तिसरं दुखणं सुराचं. मैत्रीण उशिरा आली आणि तुम्ही हसत म्हणालात, "आलात का महाराणी!" तर तीही हसेल. तेच शब्द टाइप करून पाठवा बरं! 2005 साली जस्टिन क्रुगर आणि निकोलस एप्ली या अमेरिकन संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. काही वाक्यं गंभीर, काही उपरोधानं म्हटलेली. ती ई-मेलनं पाठवणाऱ्यांना वाटत होतं, की आपला सूर समोरच्याला 100 पैकी 78 वेळा कळेल. प्रत्यक्षात तो 56 वेळाच कळला. नाणं उडवून सांगितलं असतं, तरी 50 वेळा बरोबर आलं असतं! आवाज ऐकवला, तेव्हा मात्र बऱ्याच जास्त वेळा कळला.

फोन म्हणजे नुसता वाईटच, असं मी म्हणणार नाही. बदली होऊन परगावी गेलेली मैत्रीण त्याच्यामुळे जवळ राहते. चारचौघांत न बोलणारा मुलगा तिथं मोकळा होतो. 2020 साली शाळा बंद होत्या, तेव्हा त्याच फोननं तुमची वर्गमित्रांशी गाठ घालून दिली. पण चेहरा वाचायची सवय चेहरे पाहूनच लागते. अमेरिकेत सहावीतली 51 मुलं पाच दिवस शिबिराला गेली. तिथं ना फोन, ना टीव्ही. परतल्यावर चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यात ती घरी राहिलेल्या मुलांपेक्षा जास्त सुधारली होती. हा अभ्यास 2014 सालचा. आता शिबिरात मुलं दिवसभर एकत्र खेळली-बोललीही होती, तेव्हा सगळं श्रेय फोन नसण्याला द्यायला नको. पण एकत्र खेळण्याला वेळ मिळाला, तो फोन नव्हता म्हणूनच ना?

बरं, मग करायचं काय?

पहिलं, ज्याला वगळलंय त्यानं किंवा तिनं लगेच स्टेटस टाकून राग काढू नये. एक रात्र जाऊ द्यावी. मग त्यातल्या त्यात जवळच्या मैत्रिणीला एकटीला गाठून, समोरासमोर विचारावं, "मला नव्या ग्रुपमध्ये घेतलं नाही, त्याचं वाईट वाटलं. माझं काही चुकलं का?" कदाचित नुसता गैरसमज निघेल. कदाचित खरंच नको असाल. तेही कळलेलं बरं. मग कबड्डीचा संघ, वाचनालय, गल्लीतली मुलं, अशी दुसरी मैदानं शोधा.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. तुम्ही त्या नव्या ग्रुपच्या आत असाल, तर गप्प राहू नका. "तिला का नाही घेतलं?" एवढं एकानं विचारलं तरी पुरतं. सगळेजण सहसा एकमेकांचं तोंड पाहत थांबलेले असतात.

तिसरं, कुणी फोटो बिघडवून फिरवत असेल, धमकावत असेल, तर ती गंमत नव्हे. काही पुसू नका, घरी किंवा बाईंना सांगा. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा फोन क्रमांक आहे, तो पाठच करून ठेवा.

आता दोन शब्द आईबाबांसाठी. मूल असं काही सांगू लागलं, तर आधी पूर्ण ऐकून घ्या. "त्यात काय एवढं" म्हणू नका आणि त्याच क्षणी फोनही काढून घेऊ नका. सांगितल्याची ती शिक्षा वाटते आणि पुढच्या वेळी मूल सांगतच नाही. बऱ्याच अ‍ॅपवर 13 वर्षांची अट असते. ती मुलांचं मन तपासून ठरलेली नाही. 13 वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करण्यावर अमेरिकेत 1998 साली कायद्यानं बंधन आलं, त्यावरून ती आली आहे. ऑस्ट्रेलियात डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना बऱ्याच समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपसारखी निरोपांची साधनं त्यात धरलेली नाहीत. म्हणजे वर्गाचा ग्रुप तिथंही राहिलाच! कायदा आपल्या जागी, पण वळण घरालाच लावावं लागतं.

त्यासाठी लांब कशाला जायचं? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं 2022 साली ठरवलं, की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायचा आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद ठेवायचे. मुलांचेच नव्हेत, मोठ्यांचेही! सगळ्यांचेच फोन बंद असले, की "मीच एकटी बाहेर राहिले" असं कुणालाही वाटायचं कारण उरत नाही.

तर या आठवड्याचं काम. तुमच्या वर्गात असं कोण आहे, की जे कुठल्याच ग्रुपमध्ये नाही? ज्याच्याकडे फोनच नाही, तोही धरा. मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी डबा उघडा. फोटो काढून टाकायचा नाही बरं का! काय बोललात, ते मात्र मला पत्रानं जरूर कळवा.

तुमची,
ताई