विमानास साजेल अशी मोटर

नाशिक रोडच्या मुलांस विमानांचे वेड असावे, यात नवल नाही. गांधीनगरच्या धावपट्टीवरून सैन्यदलाच्या वैमानिक शाळेची हेलिकॉप्टरे त्यांच्या डोक्यावरून नित्य जातात. आणि ज्या ओझरच्या कारखान्यात मिग व पुढे सुखोई विमाने बांधली गेली, ते ओझरही जवळच आहे. तेव्हा एखादे जुने लढाऊ विमान लहान आकारात आपल्या हातांनी बांधावे व रेडिओच्या साहाय्याने उडवावे, अशी इच्छा कित्येक विद्यार्थ्यांस होते. हा छंद आम्हांस सर्वथा स्तुत्य वाटतो. तथापि या छंदात पडणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा 'सर्वांत जोरदार मोटर कोणती?' हा असतो. आमच्या मते हा प्रश्नच उलटा आहे. आधी विमान तोलावे, मग मोटर निवडावी.

मोठ्या विमानांचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेचे मस्टँग विमान १९४० साली प्रथम उडाले. त्याची बांधणी उत्तम होती; पण त्याचे ॲलिसन इंजिन उंच हवेत धापा टाकी. १९४२ साली इंग्लंडात त्यास मर्लिन इंजिन बसविण्यात आले, आणि तेच विमान महायुद्धातील अत्यंत नावाजलेल्या विमानांत गणले गेले. याच्या उलट उदाहरण आपल्याच देशाचे आहे. बंगळूर येथे बांधलेले 'मारुत' विमान १९६१ साली उडाले. ध्वनीच्या दुप्पट वेगाची अपेक्षा धरून त्याचा आराखडा केला होता. पण ज्या अधिक शक्तिमान इंजिनाचा भरवसा धरला, ते कधी मिळालेच नाही. वैमानिकांनी १९७१ च्या युद्धात त्या विमानाकडून चांगली कामगिरी करून घेतली, तरी अपेक्षित वेग त्यास कधीच लाभला नाही. म्हणजे विमान व इंजिन यांची जोडी जुळली तरच दोहोंचे गुण प्रकट होतात.

लहान विमानात ही जुळणी अधिकच नाजूक असते. मस्टँगची एक-दशांश प्रतिकृती केली, तर पंखांची लांबी सुमारे ११३ सेंटीमीटर होईल. लांबी दहापट घटली की पंखांचे क्षेत्रफळ शंभरपट घटते व वजन हजारपट. मूळ विमान भरलेले असता सुमारे ४ टनांचे. त्या हिशेबाने प्रतिकृती ४ किलोंची होईल. इतके जड विमान लहान मैदानावर उतरवणे नवशिक्यास कठीण जाते. म्हणून थर्माकोल किंवा बाल्साचे लाकूड वापरून ते सुमारे १ किलोत बसवावे. येथेच जोरदार मोटरीचा मोह घात करतो. मोठी मोटर मोठी बॅटरी मागते, मोठ्या बॅटरीने वजन वाढते, आणि वाढलेले वजन पुनः अधिक शक्ती मागते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी गत होते.

हिशेब सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांस सहज करता येईल असा आहे. अशा लढाऊ विमानास दर किलोमागे २०० ते २२० वॉट शक्ती पुरते. आपले विमान बॅटरीसह १ किलोचे असेल, तर २२० वॉट धरावे. तीन सेलांच्या लिथियम बॅटरीचा दाब ११.१ व्होल्ट असतो. वॉटांस व्होल्टांनी भागिले की सुमारे २० अँपिअर प्रवाह येतो. म्हणून वेग-नियंत्रक ३० अँपिअरचा घ्यावा. बॅटरी २२०० मिलिअँपिअर-तासांची असेल, तर पूर्ण वेगाने ती साडेसहा मिनिटे चालेल. ती पुरती रिकामी करणे तिला मारक असल्यामुळे पाच मिनिटांत विमान खाली आणणे शहाणपणाचे.

मोटरीवर 'केव्ही' म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो सामर्थ्याचा आहे असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. एका व्होल्टास मोटर बिनभार मिनिटाला किती फेरे घेईल, एवढेच तो सांगतो. आपल्या विमानास १००० केव्हीच्या आसपासची मोटर व १० इंच व्यासाचा, ६ इंच पिचाचा पंखा शोभेल. भाराखाली पंख्याने मिनिटाला ८५०० फेरे घेतले, तर त्याची चाल ताशी सुमारे ७७ किलोमीटर होते, व ती पुरेशी आहे. येथे ११ इंची पंखा लावला, तर तितक्याच फेऱ्यांस तो सुमारे दीडपट शक्ती मागतो; मोटर तापते, नियंत्रक जळतो, आणि उतरताना पंखा जमिनीस घासतो. म्हणून प्रथम उड्डाणापूर्वी विमान घट्ट धरवून वॉटमीटरने प्रवाह अवश्य मोजावा.

पालकांस आमची विनंती अशी की, मुलाने मोटर मागितली तर आधी त्याच्याकडून वजनाचा व प्रवाहाचा कागद मागावा. कागद बरोबर असेल, तर खर्चास मागेपुढे पाहू नये. जी गणिते वहीत कंटाळवाणी वाटतात, ती या छंदात जिवंत होतात. बॅटरी मात्र मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच भरावी, कारण चुकीने भरलेली लिथियम बॅटरी पेट घेते. शिवाय आपल्या गावी लष्करी धावपट्टी, देवळालीची छावणी व नोटांचा छापखाना आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे लाल क्षेत्रात सरकारच्या परवानगीवाचून काही उडवता येत नाही. तेव्हा गच्चीवरून किंवा मिळेल त्या पटांगणावरून विमान सोडू नये. सरकारी नकाशा पाहून, मोकळ्या व अनुमत जागी जावे.

विद्यार्थिमित्रहो, अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण केवळ पैशास लागू नाही. ज्याने आपले विमान नीट तोलले, त्याचे विमान बेताच्या मोटरीनेही डौलाने उडेल. ज्याने तोललेच नाही, त्याला सर्वांत महाग मोटरही तारणार नाही.