पाभर उरली, मूठ गेली

बंगळूरची ही माझी दुसरी पोस्टिंग. पहिल्या वेळी शहर फारसं पाहिलंच नाही. या खेपेला पुतण्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आहे, त्यामुळे रविवारची आउटपास मिळाली की मी त्याच्याकडे जातो. सिल्क बोर्डपासून सुमारे दहा किलोमीटरच्या उड्डाणपुलावरून बस सुसाट येते. खाली काय होतं आणि काय आहे, हे दिसतच नाही.

मागच्या महिन्यात पुतण्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला शाळेसाठी शेतीवर प्रकल्प करायचा होता. मोबाइलवरून चित्रं काढायला बसली होती. म्हटलं, चल, खरी अवजारं दाखवतो. आम्ही म्हैसूर रस्त्यावर रामनगरजवळच्या जानपद लोकला गेलो. एच. एल. नागेगौडा या सनदी अधिकाऱ्याने कर्नाटकभर फिरून लोकगीतं आणि लोकांच्या घरातल्या वस्तू गोळा केल्या, कर्नाटक जानपद परिषद उभी केली आणि 1994 साली हे संग्रहालय उघडलं. एका माणसाने केवढं काम करावं! कठपुतळ्या, मुखवटे, धान्य मोजायची मापं, स्वयंपाकाची भांडी, शेतीची अवजारं. प्रत्येकाने एकदा तरी पाहावं असं ठिकाण आहे.

तिथे पाभर दिसली. कानडीत तिला कूरिगे म्हणतात. आमच्या खटाव तालुक्यात शाळू पेरायला वापरतात तिचीच थोरली बहीण, नळ्या जास्त. मी पोरीला सांगितलं, हे चाडं. यात बी सोडायचं, ते नळ्यांतून फणामागे मातीत पडतं.

"पण आजोबा, सगळ्या नळ्यांत सारखं कसं पडतं?"

"मूठ धरावी लागते," मी म्हणालो.

"कशी?"

इथे मी अडकलो. आमच्या घरी मूठ आई धरायची. वडील बैल हाकायचे, आई चाड्यावर हात ठेवून मागे चालायची. मी अठराव्या वर्षी भरती झालो. मूठ पाहिली हजार वेळा, धरली एकदाही नाही. वडिलांची पाभर आजही गोठ्याच्या माळ्यावर आहे. पेरणी ट्रॅक्टरवाला करून जातो.

संध्याकाळी परत आलो, तर पोरीने तोच प्रश्न सोसायटीच्या वयस्कर वॉचमनला विचारला. तो इथल्याच दोड्डतोगूरचा. 1978 च्या सुमारास आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून केऑनिक्सने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या 332 एकरांवर ही सिटी वसवली, तेव्हा तो शाळकरी पोर होता. त्याआधी या भागात नाचणी पिकायची. मोडक्या हिंदीत तो म्हणाला, "सर, आमची आई रागी पेरायची." मग उठला, बांधकामाच्या ढिगातून मूठभर वाळू घेतली आणि पार्किंगच्या फरशीवर चालू लागला. अंगठा आणि दोन बोटं हलत होती, बाकी हात स्थिर. मागे वाळूची एकसारखी रेघ. वीस पावलं, कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. पोरीने टाळ्या वाजवल्या. माझ्या घशाशी आलं.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. पाभर काचेमागे ठेवता येते, मूठ ठेवता येत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातातच जाते, आणि ते हात आता सत्तरीच्या घरात आहेत.

फौजेला हे ठाऊक आहे. डोंगरात रस्ते झाले, हेलिकॉप्टरं आली, तरी खेचरावर वजन दोन्ही बाजूंना सारखं कसं बांधायचं हे आमच्याकडे अजून शिकवतात. पुस्तक देऊन नव्हे, खेचर समोर उभं करून. रोजचा सराव थांबला की विद्या गेली, हे रंगरूटालाही कळतं.

अमेरिकेत आयोवा राज्यात 1970 साली विल्यम मरे या प्राध्यापकाने लिव्हिंग हिस्टरी फार्म्स सुरू केलं. तिथे 1900 सालचं शेत घोडे जुंपून खरोखर कसलं जातं आणि कामात स्वयंसेवकांचाही हात असतो. पाहुणा नुसता बघत नाही, हात लावतो. ज्या देशात शेती लवकर यंत्रावर गेली, त्याला ही गरज वाटली, यात नवल नाही.

मग इलेक्ट्रॉनिक सिटीत का नको? अर्धा एकर नाचणी, एक बैलजोडी, एक कूरिगे, एक खळं आणि कानडीत हगेवु म्हणतात ते धान्याचं पेव. शिकवणारे म्हणून गावचे जुने शेतकरी. त्यांना मानधन द्यावं, कारण कसब फुकट मागणं हा त्याचा अपमान आहे. बाकी कामाला रविवारचे स्वयंसेवक. माणसं मिळणार नाहीत असं कुणी म्हणू नये. याच शहरात पुट्टेनहळ्ळीच्या रहिवाशांनी 2010 मध्ये ट्रस्ट काढून आपला तलाव सांभाळायला घेतला.

पुतण्या म्हणाला, "काका, इथे जमिनीचा भाव माहीत आहे का?" आहे. पण एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या आवारातल्या हिरवळीला रोज पाणी मिळतं, त्यातला एक तुकडा मिळणार नाही?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. बैलामागे चालण्यात गोड काही नाही. माझ्या आईची कंबर त्याच कामात गेली. ट्रॅक्टर आला हे बरंच झालं, मला मागे जायचं नाही. अशा शेतावर ते कष्टही दिसले पाहिजेत. तासभर उन्हात वाकल्यावर भाकरीची किंमत जशी कळते, तशी फलकावर वाचून कळत नाही. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, नाचणीची बिस्किटं दुकानात आली, पण पाकीट फोडणाऱ्या पोराने नाचणीचं कणीस पाहिलेलं नसतं.

दुसऱ्यांना उपदेश करण्याआधी स्वतःचं सांगतो. रजेचा अर्ज या वेळी दिवाळीसाठी दिला नाही, सप्टेंबरअखेरचा दिला आहे. शाळूची पेरणी तेव्हाच असते. आईला फोनवर म्हणालो, मूठ शिकव. ती हसली. "आता शिकून काय करणार रे?"

उत्तर सुचलं नाही. पण पाभर माळ्यावरून उतरवून ठेव, असं धाकट्याला सांगितलं आहे.