सोन्याची सुरी

सोन्याची सुरी असली म्हणून ती कोणी उरात मारून घेत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. पण सुरी सोन्याची नसून जपानी पोलादाची असेल आणि उराऐवजी खिशात शिरणार असेल, तर काय करावे? आमच्या घरी गेले दोन महिने याच प्रश्नावर खल चालू आहे.

माझी ताई नागपुरात घरगुती डबे करून देते. रोजचे तीस डबे. भाजीचा ढीग वेगळा, कांदे वेगळे, सांबाराच्या जुड्या वेगळ्या. तिला हाताने घडवलेली एक जपानी सुरी घ्यायची आहे. किंमत बारा हजार रुपये! आई म्हणाली, “एवढ्यात तर मिक्सर येऊन वर पैसे उरतील.” ताईचा हिशेब तयार होता. “सुरी वीस वर्षे टिकली तर वर्षाला सहाशे, म्हणजे महिन्याला पन्नास रुपये. बाजारातली सुरी मी दर चार महिन्यांनी फेकते, ते कोणी मोजत नाही.”

हिशेब चुकीचा नाही. ही किंमत केवळ नावाची नसते. ओसाकाजवळच्या साकाई शहरात एक कारागीर पाते घडवतो, दुसरा त्याला धार देतो, तिसरा मूठ बसवतो. मऊ लोखंडाला कठीण पोलाद तापवून, ठोकून जोडतात. आधार लोखंडाचा, धार पोलादाची. १९८२ साली जपान सरकारने या कामाला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. असे पाते पातळ असूनही धार बराच काळ धरून ठेवते. दिवसाला शेकडो वेळा सुरी चालवणाऱ्या मनगटाला हा फरक कळतो.

परंतु जे कठीण ते ठिसूळही असते. सावजी मटणाच्या हाडावर ही सुरी चालवली, तर धारेचा टवका उडालाच म्हणून समजा. कर्बयुक्त पोलाद लिंबा-चिंचेने डागाळते, ओले राहिले तर गंजते. आणि धार कितीही टिकली तरी एक दिवस जातेच. तेव्हा आपण काय करणार? सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला हाक मारणार. त्या कोरड्या, वेगवान चाकावर पातळ पाते इतके तापते, की त्याचे ‘पाणी’ उतरते. वीस वर्षांची सुरी मग दोन वर्षांत बाजारातल्या सुरीच्या पंक्तीला बसते आणि महिन्याचे पन्नास रुपये पाचशे होतात. या सुरीला पाण्यात भिजवलेला दगड लागतो आणि त्याच्यापुढे अर्धा तास बसणारा माणूस लागतो.

“मग आपली पावशी काय वाईट?” असे म्हणणारे भेटतील. पावशी मुळीच वाईट नाही. पाते स्थिर, दोन्ही हात मोकळे, पायाखाली पाट दाबलेला. या रचनेला तोड नाही. पण चाळिशीतल्या गुडघ्यांनी रोज तीन तास जमिनीवर बसावे, हा सल्ला ओट्याशी कधी उभे न राहिलेल्यानेच द्यावा!

मला बोचते ते निराळेच. पेंच नदीकाठच्या नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात उत्खनन झाले आणि लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती सुमारे २७०० वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे नागपूरच्या परिसराला लोखंडाची विद्या नवी नाही. आजही रस्त्याकडेचा लोहार ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून विळा घडवतो, तापल्या पात्याचा रंग नुसत्या डोळ्याने ओळखून त्याला पाणी देतो. आपण मात्र त्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. त्याने आणखी दोन तास त्या पात्यावर घालवावेत, अशी किंमत आपण त्याला कधी दिली? पिकते तिथे विकत नाही, हे खरे. पण जे विकत नाही ते पुढे पिकेनासे होते, हेही तितकेच खरे. जपानी कारागिराला बारा हजार देण्यात मला गैर वाटत नाही. त्याच हाताने लोहाराचे दहा रुपये कापण्यात वाटते.

तेव्हा माझे मत असे: ज्याला धार लावता येते, त्याने ही सुरी खुशाल घ्यावी, तिची किंमत वसूल होईल. ज्याला येत नाही त्याने आधी दगड घ्यावा. भिंतीवर मिरवण्यासाठी तर मुळीच घेऊ नये.

ताईने दगड आणला आहे. रात्री डब्यांची आवराआवर झाली, की ती जुन्या सुरीवर हात बसवते. पहिल्या आठवड्यात सुरी होती त्याहून बोथट झाली. परवा मात्र टोमॅटो न दबता कापला गेला. लोहाराकडूनही एक पाते घडवून घ्यायचे तिने ठरवले आहे. भाव न करता, सावकाश घडव असे सांगून. बारा हजारांचा निर्णय दिवाळीला होईल. तोवर आईचा मिक्सरही लांबला आहे.