वाचाघात आणि मराठीचे वर्ग

साहित्याच्या वर्गात रोमान याकबसनचे नाव निघाले, की रूपक आणि सान्निध्यावर आधारलेली लक्षणा या दोन ध्रुवांची चर्चा होते. ज्या निबंधातून ही मांडणी आली तो १९५६ सालचा निबंध मुळात वाचाघाताविषयी आहे, याचा मात्र सहसा विसर पडतो. मेंदूला इजा झाल्यावर कोणाला नेमका शब्द निवडता येत नाही, तर कोणाला शब्द सापडूनही वाक्य जुळवता येत नाही. या निरीक्षणांच्या आधारे याकबसनने हे दोन ध्रुव मांडले. आपण काव्यशास्त्र उचलले. रुग्ण मागेच राहिला.

वाचाघात म्हणजे बुद्धिनाश नव्हे. १८६१ मध्ये पॉल ब्रोका यांनी पॅरिसमध्ये ज्या रुग्णाचा अभ्यास केला, तो 'तां' याखेरीज फारसे काही बोलू शकत नसे. दुसऱ्याचे बोलणे मात्र त्याला बरेचसे कळे. स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांची वाणी १९९० मधील पक्षाघाताने जवळजवळ हिरावून घेतली, तरी त्यानंतरही त्यांचे कवितासंग्रह प्रसिद्ध झाले. आपल्याकडे मात्र अशा माणसाला 'भ्रमिष्ट' ठरवून त्याच्याशी बोलणेच थांबवले जाते.

भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात हा प्रश्न अधिक बिकट होतो. येथे उर्दू, मराठी, हिंदी, तेलुगू, भोजपुरी, शिवाय आगरी आणि कोकणी मुसलमानांची बोली कानी पडते. एकाच माणसाची घरची भाषा एक, मागावरची दुसरी आणि कचेरीतली तिसरी असते. इजेनंतर या सर्व भाषा सारख्याच प्रमाणात परततील असे नाही. तपासणी एकाच भाषेत झाली, तर शिल्लक राहिलेली भाषा नजरेतून निसटते.

इंग्रजीतून भाषांतरित केलेली चाचणी मराठीला पुरत नाही. 'मुलीला मुलाने ढकलले' या वाक्यात कर्ता क्रमावरून नव्हे, तर 'ने' या प्रत्ययावरून कळतो. 'मुलाने पोळी खाल्ली' यात क्रियापद कर्मामागे जाते. 'घर'चे 'घरात' होताना सामान्यरूप साधावे लागते. रुग्णाचे नेमके काय बिघडले, हे अशाच जागी कळणार.

या जागा ओळखणे हे व्याकरण शिकवणाऱ्यांचेच काम आहे, असे आमचे मत आहे. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची वाचा व श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. उपचार तेथील तज्ज्ञांसारख्यांनी करावेत. परंतु प्रचलित शब्दांच्या याद्या, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी वाक्ये आणि आगरीसारख्या बोलींतील पर्याय मराठी विभागांनी सिद्ध करून द्यावेत. एम. ए.च्या भाषाविज्ञानाच्या प्रकल्पांसाठी याहून उपयुक्त विषय आम्हांला दिसत नाही.